नवा धनी आणि माझी लेक

जरा सावकाश या. काचेला नाक लावायचं असेल तर खुशाल लावा, पण टकटक तेवढी करू नका. माझी लेक आत्ता कुठे झोपलीय. हो, हीच, माझ्या दंडावर मान टाकून पडलेली. आणि इकडेतिकडे काय बघता, मीच बोलतेय. मी गोरिला आहे. गोरिलीण म्हणा हवं तर. आमचे मामा तसंच म्हणतात.

मामा म्हणजे आमची देखभाल करणारे. ते नक्की कुणाचे मामा आहेत हे मला अजून कळलेलं नाही, पण या प्राणिसंग्रहालयात फाटकावर तिकिटं देणाऱ्या बाईपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी माझं नाव ठेवलं ठेंगी. मी बुटकी आहे म्हणून. सुरुवातीला राग यायचा. आता दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारा, मी ढिम्म हलत नाही.

काचेपलीकडून तुम्ही माणसं सर्वांत आधी काय विचारता ते मला पाठ झालंय. 'यातला नवरा कोण?' मग कुणीतरी त्या ओंडक्यापाशी बसलेल्या धिप्पाड, रुपेरी पाठीच्या गड्याकडे बोट दाखवतं. 'आणि या दोघी?' 'दोघी त्याच्याच.' यावर पुरुष मिशीतल्या मिशीत हसतात आणि त्यांच्या बायका त्यांना कोपराने ढोसतात. कोण कधी ढोसणार हे मला आता आधीच ओळखता येतं.

तुमचा समज अगदीच चुकीचा नाही. आमच्यात एका घराला एकच धनी. नर पुरता वयात आला की त्याची काळी पाठ रुपेरी होते. मग कुठे बसायचं, कधी उठायचं, कुणाचं भांडण कसं तोडायचं, सगळं तो ठरवतो. ओठ घट्ट मिटून, हातपाय ताठ करून तो नुसता चार पावलं चालला तरी आम्ही जागच्या जागी बसतो. पण त्या घरात राहायचं की नाही, हे मात्र बाई ठरवते. जंगलात मुलगी वयात आली की आपणहून आईबापांना सोडते आणि ज्याच्यापाशी आपलं पोर जगेल असं तिला वाटतं त्याच्याकडे जाते. नाही पटला, तर दुसऱ्याकडे. मी जंगल पाहिलेलं नाही. हे आईने सांगितलं, आणि आईला तिच्या आईने.

माझा जन्म दूरच्या एका प्राणिसंग्रहालयातला. सिमेंटची खोली, गवताचा बिछाना. वडील तापट होते, पण आम्हा पोरांना अंगावर नाचू द्यायचे. मला एक धाकटा भाऊ होता. आईच्या पोटाला लोंबकळायचं सोडून तो नुकता कुठे तिच्या पाठीवर बसायला शिकला होता, आणि वडील गेले. तिथल्या माणसांनी काही दिवसांनी नवा नर आणला. एका सकाळी मधला दरवाजा उघडला. त्याला बघताच आई भावाला छातीशी धरून पळाली, आणि तो तिच्या मागे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लांबवण्यासारखं त्यात काही नाही. माझा भाऊ त्या दिवशी त्याच्या हातून गेला.

तो नर माथेफिरू नव्हता. आमच्यात हे होतं. पोर अंगावर पीत असेल तोवर आईला दुसरं पोर राहत नाही, आणि नव्या धन्याला स्वतःचं पोर हवं असतं. आधीच्याचं वाढेपर्यंत थांबायची त्याची तयारी नसते. पण हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला एवढंच दिसलं, की थोड्याच दिवसांत आई त्याच नराला खेटून बसायला लागली. त्याच्या पाठीवरच्या केसांतला कचरा वेचायला लागली. मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिने हात पुढे केला की मी पाठ फिरवायचे. आमच्यातला तो अबोला मिटायच्या आतच मला पिंजऱ्यात घालून इकडे पाठवलं.

इथे तेव्हा सरदार होता. नाव अर्थात मामांनी ठेवलेलं. वयस्क, रुंद, आणि इतका शांत की पहिल्यांदा मला वाटलं हा आजारी आहे. त्याच्यासोबत होती बाईसाहेब. ती माझ्याआधी आलेली, त्यामुळे मान तिचा. फांद्या टाकल्या की सरदारानंतर तिने उचलायच्या, दुपारी सावलीत सरदाराच्या उजव्या हाताला तिने बसायचं. मला हे रीतसर समजावून सांगण्याऐवजी तिने पहिल्याच दिवशी माझ्या खांद्याला कडकडून चावा घेतला. मी किंचाळले. सरदार उठला, आमच्या दोघींच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि घशातल्या घशात खाकरला. बस्स. बाईसाहेब हळूच आपल्या जागी जाऊन बसली. त्याने तिला मारलं नाही, मला गोंजारलं नाही. तो पुन्हा ओंडक्यापाशी जाऊन कोबी खाऊ लागला. मला त्या क्षणी वाटलं, इथे राहायला हरकत नाही.

वर्षं गेली. बाईसाहेबाला एक मुलगा झाला, मोठा झाला, बापावर डोळे वटारायला लागला तेव्हा त्याला दुसरीकडे पाठवलं. माझी कूस मात्र रिकामीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी नाना तपासण्या केल्या. त्या आमच्या सगळ्यांच्या डॉक्टर. कानामागे कायम पेन, आणि कुठेतरी विसरलेला चहाचा कप. एके दिवशी बोळात उभ्या राहून मामांना म्हणाल्या, "ठेंगीला बहुतेक नाही होणार." मामा म्हणाले, "नाही तर नाही. तिचं काय अडलंय?" माझं अडलं होतं. पण मी गाजर खात राहिले.

मग सरदाराचं दुखणं सुरू झालं. हृदयाचं, असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या. तो चार पावलं चालला तरी बसायचा. औषध केळ्यात घालून द्यायचे, तो केळं खाऊन गोळी शिताफीने बाहेर टाकायचा. 'आता त्याच्याकडून कसलीच अपेक्षा नाही,' असं मामा सगळ्यांना सांगायचे. त्या दिवसांत एका दुपारी बाईसाहेब आतल्या खोलीत होती, बाहेर पाऊसबिऊस नव्हता, माणसंही फारशी नव्हती. सरदार उन्हात पाठ शेकत बसला होता. माझे पोर राहण्याचे दिवस होते. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि त्याच्याकडे बघत राहिले. आमच्यात विचारायचं ते असंच, नजर न काढता. तो बराच वेळ नुसता बसून होता. मग उठला. माणसांपैकी कुणी ते पाहिलं नाही.

पानगळ सुरू झाली आणि एका सकाळी सरदार उठलाच नाही. मामांनी दरवाजे उघडे ठेवले, आम्हा दोघींना त्याच्याजवळ हवं तितका वेळ बसू दिलं. बाईसाहेब त्याचा हात उचलून बघायची, तो पडायचा, पुन्हा उचलायची. मी त्याच्या पाठीला टेकून बसले. पाठ थंड होती. मामा जाळीपलीकडे उकिडवे बसून होते आणि दर थोड्या वेळाने बाहीने नाक पुसत होते. मला तेव्हा एक गोष्ट ठाऊक होती, जी मामांना, डॉक्टरीणबाईंना, कुणालाच ठाऊक नव्हती. माझ्या पोटात सरदाराचं पोर होतं.

तुम्हाला वाटेल, किती आनंद झाला असेल. झाला. पण त्याच्या मागोमाग भीतीही आली. कारण बिनधन्याचं घर माणसं ठेवत नाहीत. नवा येणार हे मला माहीत होतं.

तो आला. लोखंडी पिंजऱ्यातून, क्रेनने उचलून. मामांनी बघताक्षणी नाव ठेवलं: नवरदेव. तरणाबांड, पाठ नुकती रुपेरी झालेली, आणि ती सगळ्यांना दिसावी अशी फार धडपड. पहिले कित्येक दिवस आमच्या आणि त्याच्या मध्ये जाळीचा दरवाजा होता. तो रोज सकाळी आमच्यासमोर येऊन पूर्ण कार्यक्रम करायचा. आधी हू-हू करत आवाज चढवत न्यायचा, मग दोन पायांवर उभा राहून छाती बडवायचा, मग हाताला लागेल ते गवत भिरकावत आडवा धावायचा आणि शेवटी धाडकन जमिनीवर हात आपटायचा. मग आमच्याकडे चोरून बघायचा, परिणाम झाला का म्हणून.

"याला म्हणावं, वरात पुरे झाली," मामा म्हणायचे.

बाईसाहेब त्याच्याकडे पाठ करून बसायची. मला पाठ करणं परवडणार नव्हतं. मला दरवेळी त्या छातीच्या आवाजात दुसरा एक आवाज ऐकू यायचा, माझ्या लहानपणच्या त्या सकाळचा. रात्री मी बिछान्यावर आडवी व्हायचे आणि पोटात ती हलायची. झोप लागायची नाही.

आणि त्या जागरणांत मला आई कळली. ती निर्लज्ज नव्हती. एक पोर गेलं होतं, मी उरले होते, आणि पुढे होणारी पोरं होती. ती त्याच्याजवळ बसली ती मला मागे घालून बसली होती. मला हे कळलं, पण तिला सांगायला ती जवळ नव्हती.

मी ठरवलं. पोर जन्माला आल्यावर नवरदेवापुढे परकी बाई म्हणून उभं राहायचं नाही. त्याआधीच त्याची व्हायचं.

मधला दरवाजा उघडला त्या सकाळी मामा, डॉक्टरीणबाई, सगळे पाण्याच्या नळ्या घेऊन उभे होते, मारामारी झालीच तर फवारा मारून आम्हाला वेगळं करायला. नवरदेव ताठ पायांनी आत आला. बाईसाहेब ओरडून झाडाच्या खोडामागे गेली. मी पळाले नाही. खाली मान घालून बसून राहिले. तो माझ्या इतक्या जवळून गेला की त्याच्या अंगाचा उग्र वास नाकात भरला. जाता जाता त्याने माझ्या पाठीवर हात आपटला, जोरात नाही, 'मी आलोय' एवढंच सांगण्यापुरता. मी घशातून हळूच गुरगुरले, आम्ही बरं वाटलं की गुरगुरतो तशी. तो थबकला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं आश्चर्य होतं, की भीती वाटत असूनही मला त्याची कीव आली. छाती बडवून बडवून दमलेला पोरगा होता तो, कुणीतरी हो म्हणावं म्हणून.

त्यानंतर काही दिवसांनी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. ओठ आवळून, नजर न काढता. त्याने आकाशाकडे पाहिलं. मग स्वतःची नखं पाहिली. मी एक पाऊल पुढे गेले. त्याने एक काडी उचलून ती फार महत्त्वाची असल्यासारखी तपासली. शेवटी मी त्याच्या दंडाला हात लावला आणि जमिनीवर चापट मारली. आता याहून स्पष्ट काय सांगणार? पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते, की काचेपलीकडे शाळेची सहल उभी होती, आणि त्यांच्या बाई एकदम मोठ्याने म्हणाल्या, "चला, चला, जिराफ बघायचा राहिलाय!" एका मुलीने विचारलं, "बाई, ते भांडतायत का?" बाई म्हणाल्या, "हो." मामा जाळीमागे तोंडावर रुमाल धरून उभे होते.

माझा मान वाढला. दुपारी नवरदेवाच्या उजव्या हाताला आता मी बसू लागले. बाईसाहेबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्याजवळ असले की ती मुद्दाम मध्ये घुसायची, माझ्या हातातली फांदी ओढायची. एकदा तिने मला खाली पाडलं आणि माझ्या पोटावर गुडघा टेकला. मी अशी ओरडले की काच हादरली असेल. नवरदेव धावत आला. मला वाटलं, आता तो दोघींनाही बदडणार. तरणे धनी तसं करतात. पण तो आमच्या मध्ये उभा राहिला आणि खाकरला. अगदी त्याच ठिकाणी, जिथे एकदा सरदार उभा राहिला होता. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून मला थोडी झोप लागायला लागली.

दिवस भरत आले तसं माझं पोट लपेना. आमचं पोट तसंही मोठंच, त्यामुळे माणसांना उशिरा कळलं. डॉक्टरीणबाईंनी द्राक्षं दाखवून मला जाळीला पोट लावायला शिकवलं होतं. त्या यंत्र फिरवत होत्या, मामा द्राक्षं भरवत होते. डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग पडद्यावर काहीतरी मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"काय झालं? पोर बरं आहे ना?" मामांनी विचारलं.

"पोर उत्तम आहे. पण मामा, हे नवरदेवाचं नाही."

"म्हणजे?"

"फार मोठं आहे. तो इथे यायच्या आधीचं आहे."

"आधी तर सरदार होता. तो तर आजारी..."

"आजारी होता. म्हातारा होता. मेलेला नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मामांच्या हातातली द्राक्षं तशीच राहिली. मी जाळीतून बोट घालून एक काढून घेतलं. मामा माझ्याकडे बघत राहिले. "ठेंगे," ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तू मुद्दाम... तुला कळत होतं गं, काय करतेयस ते?"

दुसऱ्याच दिवशी आमच्या खोल्यांसमोरच्या बोळात बैठक बसली. मोठे साहेब आले. चांगला माणूस, पण त्यांना आमचा वास सहन होत नाही, त्यामुळे ते सगळं नाकातून बोलतात.

"जन्मल्याबरोबर काढून घ्या," साहेब म्हणाले. "बाटलीवर वाढवू. उगाच जोखीम नको."

"बाटलीवर वाढलेलं पोर माणसांत रमतं, साहेब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला आपल्या लोकांत कसं वागायचं ते कळत नाही. नर समोर आला की काय करायचं ते कळत नाही. पुढे त्याचं लग्न जमत नाही."

"लग्न?"

"तेच हो."

"मग ठेंगीला वेगळ्या खोलीत ठेवू," मामा म्हणाले. "पोर जरा दांडगं झालं की हळूहळू सोडू. मी डोळ्यांत तेल घालून बसतो."

"वर्षभर वेगळं ठेवलं, तर तो तिला विसरेल. मग त्याच्यापुढे परकी बाई आणि परकं पोर येईल. आज निदान बाई त्याची आहे. तो स्वतःला तिचा धनी समजतोय. पोरही आपलंच समजला तर..."

"आणि नाही समजला तर?" साहेबांनी नाकावरचा रुमाल काढून विचारलं.

 डॉक्टरीणबाईंनी कानामागचं पेन काढलं, पुन्हा ठेवलं. 

"तर ती माझी चूक," त्या म्हणाल्या. "पण ती पळणार नाही असं मला वाटतं. तिने आजवर एकदाही पळ काढलेला नाही."

मामांना हे पटलं नाही. संध्याकाळी ते माझ्यासमोर बसून एकटेच बडबडत होते. "त्या शिकलेल्या आहेत, त्यांचं बरोबर असेल. पण माझं काळीज नाही मानत गं. काही झालं तर मी पुन्हा या खोलीत पाय ठेवू शकणार नाही." मी जाळीला पाठ लावून बसले. त्यांनी काडीने माझी पाठ खाजवली. दोघेही घाबरलेले होतो. एकमेकांना सांगायला सोय नव्हती एवढंच.

माझी लेक एका सकाळी आली, फाटक उघडायच्या आधी. मोठ्या खोलीत, खिडकीखालच्या गवतात. फार वेळ लागला नाही. मी तिला उचललं, पुसलं, चाटलं. इवलीशी, फिकी, सुरकुतलेली. तिने माझे केस मुठीत धरले आणि तोंड उघडून रडली. पातळसा आवाज. पण त्या खोलीत तो सगळीकडे पोचला.

नवरदेव पलीकडे पाठमोरा बसला होता. तो वळला.

जाळीपलीकडे मामांनी पाण्याची नळी उचलली. दुसरा हात मधल्या दरवाजाच्या कळीवर ठेवला. कळ दाबली की लोखंडी पत्रा सरकतो आणि खोलीचे दोन भाग होतात. डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या.

नवरदेव उठला. ओठ घट्ट मिटले, हातपाय ताठ केले आणि निघाला. मी ती चाल ओळखत होते. लहानपणी एकदा पाहिलेली. माझ्या पायांत पळ काढायची सगळी ताकद जमा झाली. आईसुद्धा अशीच पळाली होती, आणि पळणाऱ्याच्या मागे धावणं हे नराच्या अंगातच असतं. मी पाय गवतात रोवले.

तेवढ्यात माझ्या बाजूला काहीतरी जड बसलं. बाईसाहेब होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पोराकडेही नाही. नुसती मला खेटून बसली आणि नवरदेवाकडे बघू लागली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या शेजारी आपणहून बसली होती.

"दाबतो मी," मामा कुजबुजले. "डॉक्टर, दाबतो."

"थांबा."

"अहो, तो पोचला!"

"मामा, थांबा. ती बसलीय. बघा, ती बसलीय."

तो माझ्यापुढे उभा राहिला. डोंगर उभा राहावा तसा. मी वर पाहिलं. मग सगळ्यात अवघड निर्णय मी घेतला: तिला छातीशी लपवलं नाही. हात किंचित सैल केले आणि तिचं तोंड त्याच्याकडे फिरवलं. आणि त्याच्याकडे बघत राहिले, ओठ आवळून, नजर न काढता, त्याला पहिल्यांदा विचारलं तेव्हा पाहिलं होतं तसं.

त्याने मान खाली घातली. तिच्या डोक्याचा वास घेतला. माझा घेतला. पुन्हा तिचा. तिने हात हवेत हलवला तो त्याच्या नाकपुडीला लागला. तो शिंकला. आम्ही तिघी, आणि जाळीपलीकडचे दोघे, सगळे एकदम दचकलो.

मग त्याच्या घशातून तो आवाज आला. खोल, हळू, पोटातून येणारी गुरगुर. आम्ही बरं वाटलं की करतो ती.

त्याने एका बोटाच्या पाठीने तिला स्पर्श केला. मग सावकाश वळला, माझ्याकडे पाठ करून आमच्यापुढे बसला आणि पहिल्यांदाच त्याचं लक्ष मामांच्या हातातल्या नळीकडे गेलं. नळी आमच्या दिशेने रोखलेली होती. नवरदेव उभा राहिला, धडाधड छाती बडवली आणि जाळीवर असा हात मारला की मामा मागच्या मागे पाण्याच्या बादलीत जाऊन बसले.

"अहो, मलाच दम देतोय!" मामा बादलीतून ओरडले. "मला! रोज रताळी कोण देतं याला?"

डॉक्टरीणबाई फरशीवर बसल्या होत्या. हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "देणारच, मामा. त्याच्या बायकापोरांवर नळी रोखलीत तुम्ही."

तुमच्यात म्हणतात, जीव भांड्यात पडला. त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला आणि मामा सगळेच्या सगळे बादलीत. त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागली. कपडे बदलायला न जाता ते तसेच निथळत जाळीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मुलगी आहे का हो? काय देखणी आहे!" देखणी नव्हती ती तेव्हा. पण मामांनी म्हटलं म्हणून मी पुन्हा नीट पाहिलं.

आता ती दोन वर्षांची झालीय. नवरदेवाच्या पाठीवर घसरगुंडी करते, त्याच्या तोंडातलं पान ओढून खाते. तो कधी वैतागून खाकरतो, मग ती दोन क्षण गप्प, की पुन्हा सुरू. त्याला ठाऊक आहे का, ती कुणाची? मी विचारलेलं नाही, आणि तोही काही बोललेला नाही. आता तो सकाळचा कार्यक्रमही करत नाही. छाती बडवायची त्याला गरज उरलेली नाही. बाईसाहेबालाही दिवस गेलेत, यावेळी हिशेब सरळ आहे. दुपारी ती त्याच्या डाव्या हाताला बसते, मी उजव्या. अधूनमधून ती मला अजून चावते. सवय आहे तिची.

आणि मी? मी आडवी होऊन झोपते. फार मोठं सुख असतं ते. दचकून उठावं लागत नाही, श्वास मोजत बसावं लागत नाही. समोर ती रुंद रुपेरी पाठ असते आणि तिच्या अलीकडे आम्ही.

आता तुम्ही निघालात, तर एकच सांगायचं राहिलं. मामांना सांगितलं असतं, पण ते तुमच्यासारखं थांबून ऐकत नाहीत; त्यांना कायम घाई. काही वर्षांनी माझी लेक वयात येईल. तेव्हा ती इथे राहणार नाही. राहूही नये, मुलीने बापाच्या घरी राहायचं नसतं, आमच्यातही. तिलाही पिंजऱ्यात बसवून दूर कुठेतरी पाठवतील. मी रडणार नाही. तिला काय काय शिकवायचं ते मी शिकवीन: पळायचं कधी नाही, नजर कधी काढायची नाही, चावणाऱ्या सवतीला कसं सोसायचं.

पण तुम्ही माणसं कुठेतरी बसून ठरवता ना, कोणाला कुठे पाठवायचं, तिथे तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर एवढा निरोप द्या. जिथे एकटाच एक नर छाती बडवत वाट बघतोय, तिथे तिला नेऊन सोडू नका. निदान दोघे असू द्या. मध्ये जाळी ठेवा, भरपूर दिवस द्या, आणि कुणीही नळी घेऊन मध्ये उभं राहू नका.

दोघांतला कोण, ते ती बघेल.